पऱ्हाटी, पेलेट आणि सिलिंडर : यवतमाळच्या आचेचा हिशेब

थंड मुलखात हिवाळा तोंडावर आला की घरोघरी एक हिशेब मांडला जातो. यंदा घर उबदार ठेवायला प्रोपेन परवडेल की लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट? अमेरिकेत, कॅनडात, युरोपात या तुलनेवर माणसं तासन् तास बोलतात, कारण तिथे बर्फाच्या चार-पाच महिन्यांत घराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा आचेवर जातो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खोली तापवायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो आणि माणूस गारव्यासाठी कासावीस होतो. पूस-माघाच्या थोड्या रात्री झोंबतात, त्यांना दारापुढची शेकोटी पुरते.

पण आच आपल्यालाही रोज लागते. भाकरीच्या तव्याखाली लागते, वरणाच्या गंजाखाली लागते आणि हिवाळ्यात अंघोळीच्या पाण्याला लागते. त्या आचेसाठी आपल्यासमोर जे पर्याय आहेत ते त्या थंड मुलखातल्या पर्यायांचे सख्खे भाऊ आहेत. आपल्या स्वयंपाकघरातला एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचंच मिश्रण. आणि पेलेटचा कच्चा माल तर आपल्या शिवारात उभा असतो. कापूस वेचून झाला की मागे उरणारी पऱ्हाटी कापून, कुटून, दाबली की पेलेट होतं. जिल्ह्यात साडेचार लाख हेक्टरच्या आसपास कपाशी असते. म्हणजे जगभर चाललेली प्रोपेन-पेलेटची तुलना यवतमाळला परकी नाही. ती इथल्या अटींवर, इथल्या भावांनी मांडली पाहिजे, एवढंच.

आधी मोजमाप ठरवू. सिलिंडर नगावर मिळतो, लाकूड किलोवर किंवा मोळीवर, वीज युनिटवर. या तीन भावांची तुलना थेट होत नाही. खरं मोजायचं ते भांड्याच्या तळाशी पोचलेली उष्णता. इंधनात उष्णता किती आणि तिच्यातली वाया किती जाते, हे दोन आकडे हाती आले की बाकीचं सोपं होतं.

घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. किलोला साधारण 10,900 किलोकॅलरी धरल्या तर सिलिंडरभर गॅसात दीड लाखाहून थोड्या जास्त किलोकॅलरी होतात. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान 68 टक्के असावी लागते. तेव्हा भांड्यात पोचते ती उष्णता 1 लाख 5 हजार किलोकॅलरी. सुकं सरपण किलोला 3,500 किलोकॅलरी देतं, पण तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीत त्यातली जेमतेम दहा टक्के भांड्याला लागते. बाकीची भिंतीत, धुरात आणि स्वयंपाक करणारीच्या तोंडावर जाते. पेलेट किलोला 3,800 च्या आसपास देतं आणि पंखा लावलेल्या पेलेटच्या शेगडीने किमान 35 टक्के कार्यक्षमता द्यावी असं मानक सांगतं.

आता भाव. एप्रिल 2025 ची 50 रुपयांची वाढ झाली तेव्हा मुंबईत घरगुती सिलिंडर 852 रुपये 50 पैशांना होता. विदर्भात वाहतुकीमुळे त्यावर काही रुपये चढतात. हिशेबाला सोपं म्हणून 900 धरू. मग भांड्यातल्या दर हजार किलोकॅलरीला साडेआठ रुपये पडतात. उज्ज्वला योजनेत 300 रुपये परत मिळतात, तिथे हाच आकडा पावणेसहापर्यंत उतरतो. पेलेट किलोला 10 रुपयांनी मिळालं तर साडेसात रुपये, 12 रुपयांनी मिळालं तर नऊ. आणि विकतचं सरपण 6 रुपये किलोने घेतलं तरी जुन्या चुलीवर हजार किलोकॅलरीला 17 रुपये!

हा शेवटचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शहराच्या कडेला, झोपडपट्टीत, भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, ज्याला स्वतःचं शिवार नाही आणि सिलिंडरसाठी एकरकमी पैसे नाहीत, ते टालीवरून दोन-चार किलो लाकूड आणतं आणि गॅसवाल्यापेक्षा दुप्पट महाग आच जाळतं. रोज थोडे थोडे पैसे जातात म्हणून ते जाणवत नाही. गरिबाला महागात पडतं ते असं, सुटं-सुटं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एका सिलिंडरचं काम करायला जुन्या चुलीत 300 किलो सरपण लागतं, आणि पंख्याच्या शेगडीत 79 किलो पेलेट. पूर्ण भावाच्या सिलिंडरशी टक्कर द्यायची तर पेलेट साडेअकरा रुपये किलोच्या आत बसायला हवं. उज्ज्वलाच्या सिलिंडरशी द्यायची तर साडेसातच्या आत. म्हणजे पेलेट आणि गॅस यांच्यात फार अंतर नाही. सरकारने अनुदानाचा काटा थोडा हलवला की पारडं इकडचं तिकडे होतं.

घरच्या स्वयंपाकाला पेलेट वापरणं महाराष्ट्राने एकदा करून पाहिलंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बीपी या तेल कंपनीने 2006 च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची शेगडी बाजारात आणली. आत छोटा पंखा, वर चकचकीत भांडं ठेवायची जागा, तळाशी मूठ-दोन मूठ गोळ्या. एकदा भरली की तासभर जळायची, धूर नावालाच. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला. महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूत मिळून साधारण चार लाख शेगड्या खपल्या. कुठल्याही सुधारित चुलीच्या मानाने हे मोठं यश होतं. पण गोळ्या ज्या मालापासून व्हायच्या, त्या भुईमुगाच्या टरफलाला आणि उसाच्या चिपाडाला कारखान्यांचे बॉयलरही गिऱ्हाईक होते. मालाचा भाव चढला, गोळ्यांचा चढला, आणि घरातली शेगडी फळीवर गेली. कंपनीने घरगुती बाजार सोडून हॉटेलं आणि मोठी स्वयंपाकघरं धरली. शेगडी वाईट नव्हती. तिच्या पोटात घालायचा माल घराच्या हातात नव्हता, तो बाजाराच्या हातात होता.

चूल सुधारण्याचा आपला इतिहास त्याहून जुना आहे आणि तो शेजारच्याच जिल्ह्यात सुरू होतो. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने धुराड्याची ‘मगन चूल’ काढली. सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 ते 2002 चालला. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा केला, त्याला 2002 चा आंतरराष्ट्रीय अॅश्डेन पुरस्कार मिळाला. या सगळ्यांतून चूल सुधारली, पण खेड्यातल्या बहुतेक घरांत वापर जुन्याच चुलीचा राहिला. चुलीत फाटं घालता येतं, पेलेटच्या शेगडीत येत नाही. चुलीत आर उरतो, त्याच्यावर भाकर उभी करून फुगवता येते, वांगं भाजता येतं. पेलेटची राख होते. मातीची चूल आई स्वतः घालते, बिघडली की लिंपते. पंख्याची शेगडी बिघडली तर ती तालुक्याला न्यावी लागते.

आता गॅसकडे येऊ. मुंबईत बर्मा शेलने 1955 मध्ये एलपीजी आणला तेव्हा ते शहरी सुखवस्तू घरांचं इंधन होतं, आणि पुढची बरीच दशकं ते तसंच राहिलं. खेड्याच्या चुलीपर्यंत तो पोचला तो प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने. 1 मे 2016 ला उत्तर प्रदेशातल्या बलियातून ती सुरू झाली, आणि आठ कोटीवी जोडणी 7 सप्टेंबर 2019 ला आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. जोडणी देणं हे मोठं काम होतं आणि ते झालं, यात शंका नाही. पण जोडणी आणि वापर या दोन गोष्टी आहेत. उज्ज्वलाच्या घरांनी 2019-20 मध्ये सरासरी वर्षाला तीन सिलिंडर घेतले, 2023-24 मध्ये चाराला थोडे कमी. पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला आठ-नऊ लागतात. म्हणजे निम्मी आच अजूनही चुलीतून येते.

का येते, याचं उत्तर भावात जितकं आहे तितकंच ते रोखीच्या वेळेत आहे. यवतमाळात हातात पैसा येतो तो कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत. जून-जुलैत बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांत तो संपतो आणि उधारी सुरू होते. नेमका त्याच आषाढ-श्रावणात पाऊस लागून सरपण ओलं होतं आणि चूल धुपते. गॅसची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच 900 रुपये एकदम काढणं सगळ्यात अवघड असतं. अनुदान नंतर खात्यात येतं; आधी पूर्ण पैसे मोजावे लागतात. राज्याच्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेनेही, जिने 2024 पासून उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र कुटुंबांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले, हाच रस्ता धरला. आधी भरा, मग परत मिळेल. ज्या घरात महिनाअखेर दोनशे रुपये शिल्लक नसतात तिथे हा ‘मग’ फार लांब असतो. सिलिंडर मोफत असून नंबर लावता येत नाही, ही अडचण योजनेच्या आखणीतली आहे आणि ती आखणीतच सुटू शकते. पाच किलोचा छोटा सिलिंडर यासाठीच आहे. त्याची गावातल्या किराणा दुकानापर्यंत सोय झाली तर रोखीचा भार एक तृतीयांशावर येईल.

गॅसची दुसरी अडचण आपल्या हातातली नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीतला साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो, त्यातला मोठा वाटा आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. भाव ठरतो सौदी अरामको दर महिन्याला जाहीर करते त्या प्रोपेन आणि ब्युटेनच्या दरावर. आपल्या सूत्रात प्रोपेनचा वाटा 40 टक्के आणि ब्युटेनचा 60 धरतात. प्रोपेनचा हा दर एप्रिल 2020 मध्ये टनाला 230 डॉलर होता आणि दोनच वर्षांनी, एप्रिल 2022 मध्ये, 940 डॉलर. घाटंजीतल्या बाईच्या सिलिंडरचा भाव असा समुद्रापलीकडे हलतो. पण लाकडी गोळ्या म्हणजे भावाची शाश्वती, असंही कुणी समजू नये. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर 2022 मध्ये युरोपात पेलेटचे भाव दुपटीहून वर गेले. इंधन बाजारात उतरलं की ते बाजाराचे हेलकावे खातंच.

मग बाजारात न उतरलेल्या इंधनाचं काय? म्हणजे आपल्या पऱ्हाटीचं?

कपाशीच्या एका हेक्टरमागे दोन ते तीन टन सुकी पऱ्हाटी निघते. कोरडवाहू हलक्या रानात त्याहून कमी. वर्षाला आठ सिलिंडरांचं काम जुन्या चुलीवर करायला चोवीसशे किलो सरपण लागतं, असं वरच्या हिशेबातून निघतं. म्हणजे अडीच एकर कपाशीवाल्या घराची वर्षभराची आच त्याच्याच बांधावर रचलेली असते. विदर्भाच्या खेड्यात घरामागे पऱ्हाटीचा गंज दिसतो, त्याचं गणित हे आहे. खाली तुराट्या, वर पऱ्हाट्या, पावसाआधी कडेला गोवऱ्या झाकून ठेवलेल्या. आणि ज्याला शेत नाही त्याचीही सोय याच रिवाजात होती: मजुराने शेत मोकळं करून द्यायचं आणि पऱ्हाटी घेऊन जायची. मालकाची उपटणीची मजुरी वाचायची, मजुराला सरपण मिळायचं. पैशाला कुणी हात लावायचा नाही.

ही सोय आता दोन्ही बाजूंनी आकसते आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कपाशीची धूळधाण केली. तेव्हापासून कृषी विभाग आणि विद्यापीठं एकच गोष्ट सांगतात: फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही लांबवलेलं कपाशीचं पीक, घेऊ नका, डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत कपाशी काढून टाका, आणि पऱ्हाटी बांधावर किंवा घराशेजारी रचून ठेवू नका, कारण अळीचे कोष न उमललेल्या बोंडांत आणि पाल्यापाचोळ्यात दडून पुढच्या हंगामात उठतात. शास्त्र बरोबर आहे. पण ज्या घराची चूल त्याच गंजावर चालते त्या घरातली बाई तो गंज कसा मोडेल? सल्ला शेतकऱ्याला दिला जातो आणि त्याची किंमत चुलीपुढे बसणारीला मोजावी लागते. दुसरीकडे ट्रॅक्टरवरचं श्रेडर आलं आहे. ते पऱ्हाटीचा भुगा करून रानातच पसरतं. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, बोंडअळीचा बंदोबस्त होतो, शेत चार-सहा तासांत नांगरटीला मोकळं होतं. फायदे खरे आहेत, पण ज्या मजुरिणीच्या डोक्यावर ती पऱ्हाटी जायची तिच्याकडे आता काही जात नाही.

तिसरी बाजूही उघडली आहे. पऱ्हाटी मुळात फार फुगीर माल. ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन भरत नाही, म्हणून ती लांब नेणं परवडत नाही. कुटून दाबली की तिचं हे वैगुण्य जातं. मोठे दाबलेले ठोकळे म्हणजे ब्रिकेट, ज्याला व्यापारी ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, आणि बारीक गोळ्या म्हणजे पेलेट. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट, ही 1924 सालची संस्था, तिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट करण्याचं काम केलंय; तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. नागपूरच्या दहनघाटांवर लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याचे ठोकळे वापरले जातात, त्यांना ‘मोक्षकाष्ठ’ म्हणतात. आणि आता कोळशावरच्या वीज केंद्रांना कोळशात काही टक्के पेलेट मिसळणं केंद्राने धोरण म्हणून ठरवून दिलंय. चंद्रपूर, कोराडी, मौदा ही केंद्रं यवतमाळच्या भोवतीच आहेत. म्हणजे काल फुकट असलेल्या पऱ्हाटीला गिऱ्हाईक येतंय.

शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर ते मिळायलाच हवेत; कपाशीच्या शेतकऱ्याने या जिल्ह्यात जे भोगलंय त्यानंतर त्याच्या काडीलाही भाव मिळाला तर कुणाला वाईट वाटेल? पण एक गोष्ट आधी कबूल करून पुढे जायला हवं. फुकटच्या वस्तूला भाव लागला की ती फुकट घेणाऱ्याच्या हातून जाते. ‘ऊर्जा’ शेगडीच्या वेळी चिपाडाचं हेच झालं.

फुकट हा शब्दही तपासून पाहावा लागेल. जंगलातून आणलेली एक मोळी साधारण वीस किलोची. एका सिलिंडरइतक्या आचेला अशा पंधरा मोळ्या. एका मोळीला अर्धा दिवस धरला आणि रोजगार हमीचा राज्यातला 2025-26 चा दर, म्हणजे दिवसाला 312 रुपये, लावला तर पंधरा मोळ्यांची मजुरी 2,340 रुपये होते. 900 चा सिलिंडर महाग आणि 2,340 ची मजुरी फुकट, असा हिशेब फक्त एकाच घरात चालतो, जिथे मोळी आणणारीला कुणी मजुरी देत नाही. काम नसलेल्या दिवसांत तिच्या वेळेला बाजारात भाव नसतो, हे मान्य. म्हणून तिच्या मानेचे, गुडघ्यांचे आणि दिवसाचे काहीच मोल नाही, असं ठरत नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व भागात या मोळीला आणखी एक किंमत आहे. पांढरकवडा, झरी जामणी, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यात सागवानी जंगल आहे, 148.63 चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य आहे, आणि वाघ आहेत. टी-1, म्हणजे अवनी, वाघिणीच्या नावावर तेरा माणसांचे मृत्यू लागले आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. त्या काळात राळेगाव-पांढरकवड्याच्या गावांत माणसं शेतात जायला धजत नव्हती, तिथे सरपणाला रानात जाणं काय असेल! व्याघ्र प्रकल्पांच्या बफर क्षेत्रातल्या गावांसाठी राज्याने 2015 मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. तिच्यात 75 टक्के अनुदानावर गॅस देण्याची तरतूद आहे, आणि पुढे तिची व्याप्ती अभयारण्यालगतच्या गावांपर्यंत वाढवली गेली. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आणि तांड्यांवर गॅसची चर्चा करताना तिला गृहिणीच्या सोयीची चर्चा म्हणू नये. ती जिवाच्या सुरक्षिततेची चर्चा आहे.

आता अंघोळीचं पाणी, कारण घर तापवण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी आपली गरज हीच. बंब पाहिलेल्याला सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. तांब्याचं उभं भांडं, मधोमध आरपार नळकांडं. नळकांड्यात पऱ्हाटी उभी घालायची, खालच्या जाळीतून वारा लागतो, आणि आग चहूबाजूंनी पाण्यानेच वेढलेली असते. म्हणून बंबात वाया जाणारी आच चुलीपेक्षा बरीच कमी. एक बादली, म्हणजे वीस लिटर पाणी, 25 अंशांनी तापवायला 500 किलोकॅलरी लागतात. पाच माणसांच्या अंघोळीला अडीच हजार. गॅसवर हे करायचं तर रोजचे 21 रुपये, आणि एक सिलिंडर निव्वळ अंघोळीत 42 दिवसांत संपतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत जवळजवळ तीन सिलिंडर! अन्नपूर्णा योजनेतले तिन्ही सिलिंडर एकट्या न्हाणीत जातील. बंबाची कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर तेच काम तीन किलो पऱ्हाटीत होतं. त्यामुळे गॅस असलेल्या घरांतही पाणी अंगणात बंबावर किंवा चुलीवर तापतं, आणि त्यात काहीही मागासलेपण नाही. उघड्यावरच्या बंबाचा धूर स्वयंपाकघरात कोंडत नाही, त्याच्यापुढे कुणी तास-दोन तास बसत नाही. या कामाला काडीकचराच योग्य. ज्याच्याकडे छत आणि एकदम घालायला पैसे आहेत त्याने सौर बंब लावावा. आपल्याकडे पावसाळा सोडला तर ऊन भरपूर आहे. क्षाराच्या पाण्याने नळ्या चोंदतात, तेवढी निगा राखावी लागेल.

विजेबद्दल थोडक्यात. एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी, आणि इंडक्शनवर त्यातल्या पंच्याऐंशी टक्के भांड्यात जातात. कमी वापराच्या टप्प्यात वीज गॅसच्या बरोबरीने पडते, पण रोजचे दोन-तीन युनिट वाढले की घर महिन्याच्या 100 युनिटांची पायरी ओलांडतं आणि पुढचा दर एकदम चढतो. त्यात भारनियमन आणि कमी दाब. वणी-राजूर भागात कोळशाच्या खाणी आहेत, तिथे कोळशाची शेगडी पेटवणारी घरं आहेत. स्वस्त पडते खरी, पण बंद खोलीत तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड माणूस मारतो. त्या पर्यायाची शिफारस मी करणार नाही.

धुराचाही हिशेब धरायला हवा. घरातल्या धुरामुळे जगात 2020 या एका वर्षात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पेलेटची शेगडी हा धूर पुष्कळ कमी करते, पण पेटवताना आणि विझताना तीही धुपतेच. गॅसच्या बरोबरीला ती येत नाही. पऱ्हाटीच्या गोळ्यांना लाकडाच्या मानाने राख जास्त पडते, तिचे खडे जाळीत अडकतात, पंख्याचा वारा कोंडतो आणि मग धूर वाढतो. म्हणून भाव बरोबरीचा असेल तेव्हा घरातल्या स्वयंपाकाला मी गॅसच निवडीन, आणि अनुदान असेल तेव्हा तर प्रश्नच नाही.

पेलेटची जागा वेगळी आहे, आणि ती मोठी आहे. हॉटेलवाल्याला घरगुती सिलिंडर वापरता येत नाही. त्याचा 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर 1,700 रुपयांना धरला तर भांड्यातल्या हजार किलोकॅलरीला बारा रुपये पडतात. पेलेट दहा-बारा रुपये किलोने मिळालं तरी साडेसात ते नऊ. इथे पेलेट सरळ जिंकतं. ढाबे, खानावळी, मंगल कार्यालयं, वसतिगृहं. यवतमाळात पांढरकवडा आणि पुसद असे दोन आदिवासी विकास प्रकल्प आहेत, त्यांच्या आश्रमशाळांत शेकडो मुलांचा दोन वेळचा स्वयंपाक होतो. मोठं भांडं, ठरलेली वेळ, रोज तेवढीच आच, आणि शेगडीची निगा राखायला पगारी माणूस. पेलेटच्या शेगडीला जे जे हवं ते सगळं तिथे आहे, आणि धुराडं उंच काढता येतं. तालुक्याच्या ठिकाणी एखादा पेलेटचा कारखाना उभा राहिला आणि त्याने वीज केंद्राआधी या स्वयंपाकघरांशी वर्षाचा करार केला, तर पऱ्हाटीचा पैसा जिल्ह्यातच फिरेल, आणि बोंडअळीचे कोषही घराशेजारच्या गंजाऐवजी कारखान्याच्या कुट्टी यंत्रात संपतील.

पण क्रम महत्त्वाचा. शिवारातली पऱ्हाटी विकली जाण्याआधी तिच्यावर चूल पेटवणाऱ्या भूमिहीन घरांत गॅस पोचलेला आणि परवडणारा असायला हवा. श्रेडरला अनुदान द्यायचं असेल, पेलेटच्या कारखान्याला द्यायचं असेल, तर त्याच गावात अन्नपूर्णेचे तीन सिलिंडर आधी पैसे न घेता, थेट दारात, जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत दिले जावेत. आणि ग्रामसभेने उपटणीच्या हंगामात एवढं ठरवून घ्यावं की कारखान्याच्या ट्रॉल्या भरण्याआधी प्रत्येक भूमिहीन घराच्या बंबापुरत्या, चार महिन्यांच्या साडेतीनशे-चारशे किलो पऱ्हाट्या बाजूला काढल्या जातील.